हिच्या मशीनची मोटर

४ जानेवारी

शिलाई मशीन येत्या रविवारी सुनेच्या माहेरी जाणार, असं हिनं जाहीर केलं. "पाय गेला. आता मशीन ठेवून काय पुजायचंय?"

अर्धांगाच्या झटक्याला आठ महिने झाले. हात शाबूत, जीभ शाबूत — जीभ जरा जास्तच. फक्त उजवा पाय हलत नाही. व्यायाम घेणाऱ्या बाईंनीही हात टेकले.

चाळीस वर्षं त्या पायाच्या ठेक्यावर मी शाळेतल्या कविता म्हटल्या. मशीन गेलं तर घरात हिचं ऐकायला मी एकटाच उरणार! मोटर बसवतो, म्हणालो. हसता हसता तिला ठसका लागला.

५ जानेवारी

भंगारातून चोवीस व्होल्टची डीसी मोटर आणली, दोन बॅटऱ्या जोडल्या. मशीन उलटं फिरलं, दोऱ्याचं घरटं झालं. ही : "लग्नापासून तुमचं सगळं उलटंच."

दोन वायरींची अदलाबदल केली. सुलट फिरलं — पण असं सुसाट, की उशीचा अभ्रा आणि पडदा एकजीव झाले.

६ जानेवारी

वेग कमी करायला मध्ये रेझिस्टन्सची तार घातली. मोटर मंदाक्रांतेत डुलायला लागली. शाळेतला वृत्तांचा तास आठवला, गुरुजींच्या बोटांतला खडू...

"डोळे उघडा, धूर येतोय."

तार लालभडक. शिवाय कापडाची दुमड आली की मोटर ठप्प.

७ जानेवारी

नाक्यावरचा मोटर-रिवाइंडिंगवाला म्हणाला, "आजोबा, अर्धपोटी ठेवून जुंपताय होय तिला? जेवण पूर्ण द्या, पण घासाघासानं." म्हणजे वीज पूर्ण, पण सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद. चालू जास्त तर वेग जास्त. तसा कंट्रोलर दिला, सोबत पायाचं पेडल. दाबाल तसा वेग.

बसवलं, घट्ट आवळलं. ही बघतच राहिली. "अहो, चालता पाय डावा आहे."

चाळीस वर्षांची सवय — उजवीकडेच बसवलं मी! स्क्रूची खाच गेली, आता निघेना. तोवर तिचा उजवा पंजा पेडलवर आणि मी टेबलाखाली बसून तो दाबणार, असं ठरलं. हिचे पाय धरायचे तेवढे राहिले होते.

८ जानेवारी

वरून हुकूम : "हळू. कोपरा आहे." खालून माझं भुजंगप्रयात. कविता रंगली, मोटर सुटली, बाही गळ्याला शिवली गेली.

चष्मा आणायला उठलो, तरी मोटर गुणगुणत होती. वायर सैल असणार.

९ जानेवारी

सगळी जोडणी उकलली, टोकं घासली, पुन्हा आवळली. तरी तेच — माझा हात नसताना मोटर गुणगुणते, चाक मात्र फिरत नाही.

रिवाइंडिंगवाला बघून गेला. "कंट्रोलर ठणठणीत आहे. पेडल कुणीतरी दाबतंय."

"उंदीर असतील," मी म्हणालो.

ही गप्प, म्हणजे बिघाड मोठा.

१० जानेवारी, रविवार

सुनेचा भाऊ मशीन न्यायला आला. "थांब जरा," ही त्याला म्हणाली. मग मला : "अहो, तुम्ही बाहेर या टेबलाखालून. आणि हात मागे घ्या."

मोटर गुणगुणली. सुई खाली गेली, वर आली. एकदाच. खाली वाकून पाहिलं — पेडलवर हिच्या उजव्या पायाचा अंगठा थरथरत होता, ही घामाघूम झाली होती.

तो स्क्रू आता काढायचा नाही.