अट बोलायची राहिलेली अंगठी

मी, सोनाराची धाकटी मुलगी, वय वर्षे चोवीस, घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. आणि त्याच दमात म्हणाले, काही आवरायचे असेल तर आवरून घ्या. बिघडली आहे ती झडप, डोके नव्हे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. राग आहे, पण रागावलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येत नाही असे कायद्यात मला कुठे सापडले नाही.

कलम एक. माझ्या गळ्यातला चांदीचा तारा ताईला द्यावा. अंगावर धातू चालत नाही म्हणून नर्सने तो काढायला लावला. सध्या तो माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. आजोबांनी घडवलेला आहे. त्यातले दोन त्रिकोण एकमेकांत विणलेले आहेत, एक पट्टी वरून, पुढची खालून. आजोबा म्हणायचे, विणले नाहीत तर ते एकावर एक टाकलेले दोन त्रिकोण, तारा नव्हे. आम्हा ज्यू माणसांना हाच तारा कधी अपमान म्हणून छातीवर लावायला भाग पाडले गेले, कधी जिवाच्या भीतीने कॉलरच्या आत लपवावा लागला. म्हणून आपल्या मर्जीने तो उघड घालणे ही साधी हौस नाही. ताई, लग्नापासून तुझ्या गळ्यात फक्त भाऊजींच्या दुकानातला माल असतो. हा तारा घाल, आणि कॉलरच्या बाहेर घाल.

कलम दोन. ती अंगठी. ती माझ्या मालकीची नाही, त्यामुळे मला ती कोणाला देता येत नाही. पण तिची हकीकत सांगितल्याशिवाय पुढची कलमे समजणार नाहीत.

आजोबांनी सोन्याची एक अंगठी केली होती. खडा बसतो त्या जागी तिच्यावर इवलेसे घर आहे: उतरते छप्पर, दार, आणि छप्पर बिजागरीवर उघडते. आमच्या लग्नात नवरदेव नवरीच्या उजव्या हाताच्या तर्जनीत अंगठी घालतो. त्या अंगठीत खडा चालत नाही, कारण तिच्या किमतीबद्दल नवरीची फसगत होता कामा नये. आणि ती नवरदेवाच्या स्वतःच्या मालकीची असावी लागते. उसनी चालत नाही. गल्लीतल्या कोणत्या मुलाला असली अंगठी परवडणार होती? म्हणून लग्नाच्या सकाळी आजोबा, आणि पुढे बाबा, दोन साक्षीदारांसमोर ती नवरदेवाच्या हातावर ठेवून म्हणायचे, "ही तुला भेट, परत देण्याच्या अटीवर." त्या दिवसापुरता तो तिचा खराखुरा मालक. दुसऱ्या दिवशी अंगठी रुमालात गुंडाळून घरी यायची. कोणीही कधी ठेवून घेतली नाही.

ताईच्या लग्नात बाबा म्हणाले, "ही तुम्हाला भेट," आणि थांबले. शेजारी उभ्या घड्याळवाल्या काकांनी त्यांना कोपराने ढोसले.

"अहो, अट?"

"जावयाला अट घालू?" बाबा कुजबुजले. "बरं दिसतं का ते?"

अंगठी परत आली नाही. मी दुकानात जाऊन मागितली, तर भाऊजी हसले. "भेट परत मागतात का गं? साक्षीदार आहेत ना, विचार त्यांनाच." मग बाबा स्वतः गेले. त्यांना गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसवून पाणी दिले आणि वाटेला लावले. त्यानंतर भाऊजींनी त्या घराच्या दारात लाल खडा बसवला. आता ती एकाही लग्नाला चालत नाही. काचेमागे मखमलीवर असते, आणि भाऊजी गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्या घराण्याची निशाणी! आणि हे पंज्याचं पदक बघा, मधोमध डोळा, कोणाची नजर लागायची नाही. आणि ही दोन हिब्रू अक्षरं म्हणजे 'जिवंत'. घ्या, तब्येतीला बरं असतं."

गिऱ्हाइकांना मी दोष देत नाही. बोटावर घर, तळहातात डोळा, गळ्यात 'जिवंत' हा शब्द. असे काही अंगावर असावे असे कोणाला वाटणार नाही? परवापर्यंत तेच दोन अक्षरांचे पदक मीही आरशासमोर लावून पाहत होते. माणसांच्या याच ओढीवर भाऊजी गबर झाले आहेत, आणि बाबा मात्र दारी येणाऱ्या प्रत्येक नवरीची क्षमा मागत संपले. शेवटच्या आजारपणात ते एवढेच बोलायचे, "अट बोलायची राहिली."

कलम तीन. आजोबांचे पोलादी ठसे. तारा, पंजा, अक्षरे, सगळे दागिने याच ठशांवर उठतात. बाबा आजारी असताना भाऊजी ते "जरा वापरायला" म्हणून घेऊन गेले. तेव्हा भेट हा शब्द कोणी उच्चारला नव्हता, साक्षीदारही नव्हते, आणि बाबांनी आपल्या मृत्युपत्रात ते माझ्या नावे केले आहेत. मी मागितले तेव्हा उत्तर मिळाले, "पदवी घेतलीस म्हणून मला कायदा शिकवतेस? उशाशी घेऊन झोपणार आहेस का ठसे?"

नाही. ते सर्व ठसे मी पॉलिशवाल्या मावशींना देत आहे. खड्याची अंगठी लग्नाला चालत नाही, असे भर दुकानात एका नवरीला सांगितल्याबद्दल भाऊजींनी त्यांना कामावरून काढले. ठशांबरोबर माझी पुढची खोलीही त्यांना. तिचे दार भाऊजींच्या काचेच्या बरोबर समोर उघडते.

काल मावशी भेटायला आल्या होत्या. "अगं, या वयात मी दुकान काढू?"

"काढा."

"त्याच्यासमोर?"

"नाकासमोर."

"आणि पाटी केवढी लावू?"

"त्याच्या पाटीपेक्षा हातभर मोठी."

मावशी इतक्या हसल्या की नर्सने त्यांना बाहेर काढले.

कलम चार. भाऊजींना अगदीच रिकाम्या हाताने पाठवायचे नाही. 'जिवंत' या अक्षरांचा ठसा त्यांचा सर्वात खपाचा. त्यांनी एखाद्या शुक्रवारी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले असताना, अंगठीतला खडा स्वतःच्या हाताने काढावा, खाच सोन्याने बुजवावी, आणि अंगठी खालील दोन साक्षीदारांच्या हाती द्यावी. पुढे ती मावशींकडे राहील आणि मागेल त्या नवरीच्या लग्नाला जाईल. हे झाले, तरच तो एक ठसा त्यांना वापरता येईल. त्यासाठी रोज सकाळी रस्ता ओलांडून मावशींकडे यावे, आणि रोज संध्याकाळी रुमालात गुंडाळून परत आणून द्यावा. देताना मावशींनी प्रत्येक वेळी, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावे: "ही तुम्हाला भेट, परत देण्याच्या अटीवर."

कलम पाच. माझे पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून मावशींच्या दुकानात लावावे, तोंड भाऊजींच्या गल्ल्याकडे.

कलम सहा. मी वाचले तर आपण सुटलो, असे भाऊजींनी समजू नये. कलम तीन, चार आणि पाच मी जिवंतपणीच अमलात आणीन, आणि रोजची अट मावशींऐवजी मी बोलेन. नवी झडप चांगली टिकाऊ असते म्हणतात.

साक्षीदार मुद्दाम तेच दोघे बोलावले आहेत, ज्यांनी ताईच्या लग्नात बाबांची भेट ऐकली होती. त्यांना हे सर्व वाचून दाखवले. शिंपीकाकांनी खिशातून पेन काढले. घड्याळवाले काका म्हणाले, "अट पुन्हा वाच." वाचली. मगच दोघांनी सह्या केल्या.

सही: सोनाराची धाकटी मुलगी
साक्षीदार: घड्याळवाले काका (सही), शिंपीकाका (सही)
ठिकाण: रुग्णालय, खिडकीकडची खाट
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी