साडूची चांदी

३ मार्च, रविवार. संध्याकाळ.
साडूकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर त्याने पत्र्याचा डबा काढला. आत कापसावर चौदा चांदीची नाणी. एक उचलून बघितलं, तर भर बैठकीत म्हणाला, "अरे, कडेने धर. बोटांचे ठसे उमटतात."
मला! बावीस वर्षं चष्म्याच्या काचा घासतोय मी. मी घरात बशीसुद्धा कडेने धरतो.
बायको हसली. मेहुणी हसली. सासूबाईही हसल्या, ज्या माझ्या लग्नातसुद्धा हसल्या नव्हत्या.
ठरलं. सूड. आपणही चांदी जमवायची, त्याच्या दुप्पट. मग तो बघायला येईल. मी त्याला हातमोजे देईन, आणि त्याने ते घातल्यावर डबा बंद करीन.

४ मार्च, सोमवार. जेवणाची सुट्टी.
अभ्यास सुरू. मोबाइलवर सात व्हिडिओ पाहिले. जगात दोन पक्ष आहेत: नाणीवाले आणि बारवाले. नाण्यांना घडणावळ जास्त पडते, पण ती एकेक करून विकता येतात. बार म्हणजे चांदीची सपाट वडी; तिला घडणावळ कमी, त्याच पैशात चांदी जास्त. पण विकायचा तर अख्खा विकावा लागतो.
दोन्ही बाजू शांतपणे तोलल्या. साडूकडे नाणी आहेत. म्हणून बार.

६ मार्च, बुधवार.
सराफाकडे गेलो. म्हातारा आहे, बोलतो हळू. म्हणाला, नवीन आहात तर छोटी नाणी घ्या, महिन्याला एक, शुद्धतेचा शिक्का बघून. मी म्हटलं, बार दाखवा. त्याने विचारलं, केवढा? म्हटलं, सगळ्यात मोठा. त्याने एक किलोची वीट काढून काउंटरवर ठेवली आणि किंमत सांगितली. मी घड्याळ बघितलं. मग हळूहळू खाली येत येत शंभर ग्रॅमवर आमचं एकमत झालं.
बार बिस्किटाएवढा आहे. पण वजनदार बिस्किट. सीलबंद पाकिटात मिळतो. सराफ दोनदा म्हणाला, पाकीट फोडू नका.
बायकोला सांगितलं, गुंतवणूक केली. तिने विचारलं, वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या पैशांची का? मी म्हटलं, मशीन कधी वाढतं का? चांदी वाढते. ती काही बोलली नाही. पटलं असावं. आज चादरी हाताने धुतल्या. मीच.

७ मार्च, गुरुवार.
पाकीट फोडलं. हाताला लागल्याशिवाय चांदीशी नातं जुळत नाही. कडेनेच धरला.

१० मार्च, रविवार.
बार खिशात घालून साडूकडे. बेत असा, की चांदीचा विषय निघाला की सहज काढायचा. दीड तास विषय निघेना. गुडघेदुखी, पाण्याची टाकी, पुन्हा गुडघेदुखी. शेवटी मीच म्हटलं, गुडघ्याला चांदी लावली तर? आणि बार काढला.
साडूने उलटापालटा करून पाहिला. छान आहे म्हणाला. मग विचारलं, "पाकीट कुठंय?" मी सांगितलं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. पाठीवर! म्हणाला, "असू दे. पण सुरुवातीला नाणी बरी रे. पुढेमागे अडचण आली तर याचा काय तुकडा मोडून देणारेस?"
सासूबाई पुन्हा हसल्या. एका महिन्यात दोनदा. प्रकृती सुधारतेय त्यांची, माझ्या जिवावर.

११ मार्च, सोमवार.
धोरणात बदल. नाणी. पण त्याच्यासारखी नाहीत, जुनी आणि दुर्मिळ.
सराफाने बार परत घेतला. पाकीट फोडलेलं, म्हणून तपासणी, म्हणून कपात. हा माणूस साडूला सामील असावा. त्या पैशांत एकच जुनं नाणं आलं. शंभर वर्षांचं, कुठल्याशा दाढीवाल्या राजाचं, काळंकुट्ट. म्हणाला, हा काळेपणा घालवू नका, यालाच किंमत आहे. मला हसू आलं. घाणीला किंमत! न धुतलेला माल खपवायची युक्ती. बावीस वर्षं दुकानदारी बघतोय मी.

१३ मार्च, बुधवार. जेवणाची सुट्टी.
मालक जेवायला गेल्यावर नाणं पॉलिशच्या चाकावर धरलं. काचांना लावतो तीच पावडर. चार मिनिटांत आरसा! राजाची दाढी थोडी गेली. तरुण दिसतो आता.
साडूची चौदा नाणी याच्यापुढे कोळसा आहेत.

१६ मार्च, शनिवार.
बँकेच्या वरच्या हॉलमध्ये नाणी जमवणाऱ्यांची बैठक असते. तिथे एक भिंगवाले गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मानतात. मी नाणं पुढे केलं. त्यांनी भिंग लावलं. मग भिंग खाली ठेवलं आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, आता हे फक्त वजनाच्या भावाने जाईल. तो काळा थर जमायला शंभर वर्षं लागली होती. घासल्यावर संपलं.
मग त्यांनी विचारलं, हे कोणी केलं?
मी म्हटलं, साडूने.
सगळा हॉल हळहळला. एक जण म्हणाला, असल्या माणसाला घरात घेऊ नये. दुसऱ्याने मला चहा आणून दिला. लोक तासभर साडूला शिव्या देत होते. गेल्या कित्येक वर्षांत इतकी सुंदर संध्याकाळ गेली नव्हती.
घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. साडूचा भाग सोडून.

१७ मार्च, रविवार. सकाळ.
पहाटेच सुचलं. घासलं की नाणं संपतं. साडूच्या डब्यात मधोमध एक मोठं काळं नाणं आहे, त्याच्या वडिलांचं. त्याच्या जिवाचा तुकडा. आणि त्याला यातलं काही कळत नाही, कारण मला कालपर्यंत कळत नव्हतं.
शांतपणे, प्रेमाने, त्याच्याच परवानगीने.

२४ मार्च, रविवार.
साडूला म्हटलं, वडिलांचं नाणं लखलखीत करून देतो, घरचं काम. वाटलं होतं आढेवेढे घेईल. लगेच रुमालात गुंडाळून हातात दिलं. म्हणाला, "तुझ्या हातात काय भीती? तू तर काचा हाताळणारा."
आता आठवलं याला!
ही माणसं असं काही बोलून समोरच्याला नरम करतात. मी नरम झालो नाही. नोंद करून ठेवतो.

२६ मार्च, मंगळवार.
काम फत्ते. पुढची बाजू साफ गुळगुळीत. मागची बाजू अर्धी झाली तेव्हा काळ्या थराखालून एक अक्षर निघालं. 'द'. छापलेलं नाही, खिळ्याने कोरलेलं, वाकडं. आणखी मिनिटभर चाक लावलं असतं तर तेही गेलं असतं. पण तेवढ्यात मालक आले, म्हणून थांबलो.
मालक आले नव्हते. पण आले असते तर?

३१ मार्च, रविवार.
नाणं दिलं. साडूचा चेहरा कसा पडेल त्याची आठवडाभर मनात तालीम केली होती. त्याने उजेडात धरलं. उलटं केलं. आणि एकदम खुर्चीत बसला.
वडील म्हणे सगळ्यावर आपल्या नावाचं हे पहिलं अक्षर कोरायचे. छत्रीच्या दांड्यावर, फावड्यावर, सायकलच्या सीटखाली. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली, पण या नाण्यावर अक्षर आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. साडू रडला. मोठ्याने नाही, नाक ओढत. मग मला मिठी मारली. मी नको नको म्हणत असताना मेहुणीने माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं. सासूबाई म्हणाल्या, जावई गुणाचा आहे, मी आधीपासून सांगतेय.
परत येताना बायकोने रस्त्यात माझा हात धरला.
सूड पूर्ण झाला. पण कोणाला कळलाच नाही. असा सूड घरात ठेवायचा कुठे?

७ एप्रिल, रविवार.
साडू डबा घेऊन दारात. उरलेली तेरा नाणी. "सगळी चमकव," म्हणाला. शिवाय कापडी पिशवीत आणखी अकरा. ती त्याच्या शेजारच्या बाईंची. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनसाठी नाणी विकायची आहेत. चकचकीत असली की भाव चांगला येईल, असं साडूने त्यांना समजावून सांगितलंय. माझं नाव सांगून.
अकराही काळी. अकराही जुनी. दोन तर फारच जुनी.
म्हटलं, बघतो.

९ एप्रिल, मंगळवार.
साडूचा फोन. म्हटलं, चाक बिघडलंय.

१० एप्रिल, बुधवार.
साडूचा फोन. म्हटलं, चाक ठीक आहे, पावडर संपली.

११ एप्रिल, गुरुवार.
साडू पावडर घेऊन दुकानात आला. कुठून शोधली देव जाणे. मालकांशी ओळख करून घेतली, माझी स्तुती केली. मालक म्हणाले, अरे वा, आमच्या चाकावर? संध्याकाळी मला आत बोलावून चाकाबद्दल वेगळं बोलले. ते इथे लिहीत नाही.
त्या बाईंना चष्म्याचा नंबर तपासायला सोबत आणलं होतं. तपासताना मोठं अक्षरही दिसलं नाही त्यांना. जाताना मी दरवाजा धरला, तर मला मालक समजून नमस्कार केला. म्हणाल्या, "तुमच्याकडे एक कारागीर आहे ना, त्यांना सांगा, घाई नाही."

१३ एप्रिल, शनिवार.
बायकोला घेऊन साडूकडे गेलो. पिशवी आणि डबा न उघडता टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. जुनं नाणं घासलं की त्याची किंमत जाते. बाईंची नाणी अशीच्या अशी बँकेच्या वरच्या हॉलमधल्या भिंगवाल्यांना दाखवा. तुमचीही घासू नका.
साडूने पिशवी जवळ ओढली. म्हणाला, "मग माझं का घासलंस?"
रागाने नाही. खरंच विचारत होता.
खोलीत सगळे होते. मेहुणी, सासूबाई, बायको. मी छताकडे बघितलं. पंखा फिरत होता. त्याचा प्रश्न म्हणजे काच होती, आणि बावीस वर्षांत एवढी स्वच्छ काच मी कधी पाहिली नव्हती: पलीकडचं सगळं दिसत होतं, मीसुद्धा.
शेवटी त्यानेच उत्तर दिलं. "तेव्हा तुला माहीत नसणार."
माझ्यापुढे दोनच पर्याय होते. दुष्ट किंवा मूर्ख. दोन्ही बाजू शांतपणे तोलल्या.
म्हटलं, "हो. तेव्हा माहीत नव्हतं."
"असू दे रे," साडू म्हणाला. "सगळ्यांचंच होतं असं सुरुवातीला." आणि पुन्हा पाठीवर हात.
बायकोने माझ्याकडे बघितलं. साडूचं नाणं घासण्याआधी, बैठकीच्या त्या शनिवारी, घरी येऊन तिला सगळं सांगितलं होतं, भिंगवाले काय म्हणाले तेही. ती काही बोलली नाही. पण या वेळी पटलं म्हणून नव्हे.

२१ एप्रिल, रविवार.
बाईंची दोनच नाणी विकली, तेवढ्यात ऑपरेशनचं भागलं. साडू स्वतः त्यांना घेऊन गेला होता. भिंगवाल्यांशी त्याची मैत्री झाली आहे. आता दर शनिवारी जाणार म्हणतो. मलाही नेणार, म्हणजे मला चार गोष्टी कळतील.
संध्याकाळी घरी आला. माझ्यासाठी दहा ग्रॅमचं नवं कोरं नाणं आणलं होतं. त्यावर चिठ्ठी: "नवशिक्यास सप्रेम."
मी घेतलं. कडेने धरलं. त्याने ते बघितलं आणि म्हणाला, "शाब्बास."
बायकोने सगळ्यांसाठी चहा केला. मला अर्धा कप.