एसी सुरू झाल्याशिवाय गाडी हलणार नाही

सोमवार, ८ मे. सकाळी ७
आज निघणार. बायकोने हॉस्पिटलच्या नोकरीतून मोठ्या मुश्किलीने आठवड्याची रजा मिळवली आहे. लग्नानंतरची पहिली खरी सहल. कॅम्पर, म्हणजे आमची राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, चकाचक. जनरेटरवर एसी चालतो का, तेवढं बघायचं. पाच मिनिटांचं काम.

दुपारी १
पंखा फिरतो. कॉम्प्रेसर हुंकार भरतो, जनरेटर कण्हतो, आणि दोघंही मान टाकतात. काळजीचं कारण नाही. मी तीस वर्षं वीज खात्यात काढली आहेत. (पगारपत्रकं करायचो, पण खातं विजेचंच.) उद्या पहाटे निघू.

मंगळवार, ९ मे
निघालो नाही. फिल्टर धुतले, जनरेटरचा प्लग बदलला, जाड वायर घातली. एसी ढिम्म. बायको म्हणाली, खिडक्या उघड्या ठेवून जाऊ, वारा छान लागतो. मी म्हणालो, मग बैलगाडी काय वाईट होती? एसी सुरू झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. एकदा बोललो म्हणजे बोललो.

बुधवार, १० मे
मेहुणा आला. म्हणे, एसीला सुरू होताना एकदम जोर लागतो, जनरेटरचं ते पेट्रोल वाचवायचं इको बटण बंद करा, नाहीतर इंजिन पेंगतच राहतं. याला स्वतःच्या दारावरची बेल दुरुस्त करता येत नाही. चहा पाजून घालवला.

गुरुवार, ११ मे
बायकोने भरलेल्या बॅगेतून रोजचे कपडे बाहेर काढले. घरात घालायला काही उरलं नाही म्हणे. चिडलेली वाटली नाही. समजूतदार आहे, म्हणून तर संसार झाला.

शुक्रवार, १२ मे. पहाटे
सुरू झाला! गारव्यात झाला, पण झाला. तिला उठवायला धावलो. ती येईपर्यंत बंद. ती म्हणाली, मग पहाटेच निघत जाऊ. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही.

शनिवार, १३ मे
जनरेटरशी बोलणं बंद.

रविवार, १४ मे. संध्याकाळ
इको बटण बंद केलं. मेहुण्याचं ऐकून नव्हे, धूळ पुसताना हात लागला. एसी पहिल्या झटक्यात सुरू! ओरडतच घरात गेलो. बायको उद्याच्या ड्यूटीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती. आली, अंगणात उभ्या कॅम्परमध्ये माझ्याशेजारी बसली. मी म्हणालो, दाखवलं की नाही करून?

"छान गार आहे," ती म्हणाली. मग, "अहो, मला गारवा नको होता. मला जायचं होतं."

मी पुढच्या वर्षीचा बेत सांगायला लागलो. पुढच्या रजेत ती बहिणीकडे जाणार आहे. इस्त्री गरम राहिली म्हणून उठून गेली.

रात्री ८
एसी चालूच ठेवला आहे. बंद केला तर परत सुरू होईल याचा भरवसा नाही. थंडी वाजायला लागली, म्हणून खिडकी उघडली. वारा छान लागतो.