केशरी पोवळ्याला आता तूच भरव

राजा,

मी तुझ्या बहिणीकडे चाललेय. माझी खाट काल बाल्कनीत गेलीच आहे, आता खोलीत तुझी माशांची दुसरी टाकीही ऐसपैस मावेल.

केशरी पोवळ्याला मात्र विसरू नकोस. तो जिवंत प्राणी आहे, नुसत्या उजेडावर जगत नाही. संध्याकाळी टाकीचा दिवा मालव आणि त्याची फुलांसारखी तोंडं उघडली की ड्रॉपरने एकेका तोंडाशी कोळंबीचा चुरा सोड. ती उघडेपर्यंत मी त्याला थापा मारायचे. तुझ्यापेक्षा बरं ऐकतं. एकही तोंड वगळू नकोस. फार दिवस उपाशी ठेवलेलं तोंड मिटतं, मग कितीही लाडीगोडी लाव, उघडत नाही.

चिमणी विचारेल. तिला सांग, आजीला देवमाशाने पळवलं. खरं कारण लेकीला सांगायची तुझी छाती होणार नाही.

आई