ताटलीतला हात

३ फेब्रुवारी
भाजणी दळून आली. चाळत होते, तेवढ्यात गार्गी ओट्यापाशी आली, हातात काचेची मोठी ताटली, आत जेलीसारखं काहीतरी. "मावशी, उजवा हात ठेवा यात." धुऊन येते म्हटलं, तर "नको ना जी, आहे तसाच पाहिजे. आठवण म्हणून." लग्नघरी भिंतीवर कुंकवाचे हात उमटवतात तसलं काही असेल, म्हणून ठेवला. गार लागलं. पोरीने ताटली आरतीसारखी सांभाळून नेली.
बायोटेक शिकली, नोकरी सोडली, आता कला करते म्हणे. नागपूरला आईबाप काळजीत. माझ्याकडे भाड्याने राहते तर निदान वेळेवर जेवते.

१८ फेब्रु.
गार्गीच्या प्रदर्शनाचा फोटो पेपरात. वरच्या मजल्यावरचे अण्णा पेपर घेऊन स्वतः खाली उतरले, तेव्हाच समजायला हवं होतं. "अभिनंदन. आपला हात छापून आलाय."
ताटलीत माझा हात उगवलाय, जंतूंचा. बोटं पिवळट मण्यांची, तळव्यावर काळी लव, अंगठ्याशी नारिंगी फोड. खाली लिहिलंय, 'अन्नपूर्णा: कसबा पेठेत डबे करणाऱ्या मावशीचा हात'. नाव नाही. हवंय कशाला? करंगळी आत वाकलेली, लहानपणी दारात चेमटली ती. अख्ख्या पेठेने पोळ्या लाटताना बघितली आहे.

२१ फेब्रु.
हिंजवडीला जाणाऱ्या पोरांनी डबे बंद केले. एकाने निदान तोंडावर सांगितलं, "मावशी, ऑफिसात सगळ्यांनी तो फोटो बघितला हो. हसतात मला." बाकीचे सगळे एकदम गावाला चाललेत. कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, होळीच्या पोळ्या यंदा घरीच करू. त्यांना कणीक भिजवता येत नाही.
बिल्डिंगचा सत्यनारायण. दर वर्षी प्रसादाचा शिरा माझा. आज म्हणाले, "आपण नुसत्या बसा हो, किती दगदग करणार." बसले. भिंतीला टेकून, हात पदराखाली.
हे गेल्यापासून या हातावर घर चाललंय. आणि आता तोच हात पदराखाली.

२२ फेब्रु.
गा.ला धरलं.
"काऊन रागावता, मावशी? सगळ्यांच्याच हातावर असतात ते जीव. घाण नाही ती. तुमच्या हाताची चव त्यांच्यामुळेच आहे, हेच तर मी सांगून राहिली!"
"मग तुझा हात का नाही ठेवलास?"
नखं बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या हातात काय स्टोरी आहे?"
स्टोरी!
अण्णा म्हणतात, काढा घराबाहेर. काढलं की सुटली. नाही. राहा म्हणावं, जेव म्हणावं. तिचाही हात चारचौघांत मांडत नाही, तोवर माझ्या जिवाला थारा नाही.

२५ फेब्रु.
ती जेली म्हणजे आपलं चायना ग्रास. तिनेच मागे एकदा आंब्याचं पुडिंग खाताना सांगितलं होतं, आम्ही यावरच जंतू वाढवतो. किती हसलो होतो तेव्हा दोघी.
पाकीट आणलं. डाळीच्या पाण्यात साखर घालून उकळलं, कुकरला लावलं, काचेच्या पसरट भांड्यात ओतलं. पहिलं नुसतंच बुरसलं, झाकायला उशीर झाला. दुसरं आरशासारखं जमलंय. फळीवर मागे ठेवलं आहे. इतकं जीव लावून दिवाळीचं सारणसुद्धा केलं नव्हतं.
आता तिचा हात मिळायचा बाकी.

१ मार्च
गा. तापाने फणफणली. कपाळावर पट्ट्या. मऊ भात, तूप, मेतकूट. दोन घास गेले. "आईला नका सांगू मावशी, लगेच गाडीत बसेल ती." सांगितलं नाही.
दुपारी डोळा लागला तिचा. भांडं काढलं. तिचा हात अलगद उचलून आत दाबला. झोपेत "आई" म्हणाली आणि माझा हातच पकडला, घट्ट. कसाबसा सोडवला. झाकण लावलं. तिचा तळवा ओल्या फडक्याने पुसला, पांघरूण घातलं.
विचारलं नाही. तिने मला काय होणार ते सांगितलं होतं?

५ मार्च
उगवलं. पाचही बोटं! हिरवं, करडं, मधे गुलाबी चट्टा. माझ्यापेक्षा भयंकर. खोटं कशाला लिहू, आज जेवण गोड लागलं.
गा. हिंडूफिरू लागली. चेहऱ्याचा रंग अजून उतरलेला आहे. दूध घे म्हटलं.

७ मार्च
अण्णांना भांडं दाखवलं. बेतही सांगितला. रविवारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, गा.चं भाषण, मला आग्रहाने बोलावलंय, लोकांना 'अन्नपूर्णे'ला भेटायचंय म्हणे. तिथे सगळ्यांसमोर हे भांडं माझ्या ताटलीशेजारी ठेवायचं. चिठ्ठीही लिहून ठेवली, 'कलाकाराचा हात'.
अण्णांचा जन्म खडकीला दारूगोळा कारखान्यात गेला, वस्तू लांबूनच बघायची सवय. "विचारलंत का तिला?"
"तिने मला सांगितलं होतं?"
"तेही खरं. फिट्टंफाट." मग चष्मा वर करून वाकले. "हात तिचा. ही करंगळी कोणाची?"
कडेला, तिच्या अंगठ्याच्या बाहेर, एक वाकडी करंगळी. तिने हात धरला तेव्हा टेकली असणार. बघितलीच नव्हती मी. एवढ्या आनंदात कोण बघतं.
"ओळखतील हो लोक," अण्णा म्हणाले. "पेपरात येऊन गेली आहे ती." चहा अर्धा टाकून वर गेले.

८ मार्च
तेवढा तुकडा वडीसारखा कापून काढता येईल. सुरी घेतली. ठेवली. कापलं तर तिथे खड्डा दिसणार. नाही कापलं तर तापातल्या पोरीचा हात कोणी दाबला, ते...
संध्याकाळी कुलकर्णीवहिनी. "होळीला वीस पोळ्या कराल? मागच्या जिन्याने येऊन नेते. कुणाला बोलू नका हं." पोळ्या माझ्याच हव्यात, फक्त चोरून! डोक्यात परत तिडीक गेली. हे या पोरीने केलंय. दाखवायचंच.

९ मार्च, रविवार
सकाळी गा. नवी साडी नेसून आली. माझीच, मोतिया. वाकून नमस्कार केला. "मावशी, भाषणात पहिलं तुमचंच सांगणार आहे मी. ताप, पट्ट्या, मऊ भात, सगळं."
"आधी विचार मला."
"काय विचारू?"
"सांगू का, म्हणून विचार."
बघतच राहिली. मग डोळे खाली गेले. शेवटी अगदी हळू, "सांगू का, मावशी?"
पोळी वाढली. "खाऊन जा, अशक्तपणा आहे अजून." खाल्ली आणि पुढे गेली. उत्तर न घेताच.
अण्णांनी रिक्षा आणलीय. खालून चालू आहे, "अहो, प्रदर्शन आवरेल, आपलं काही आवरायचं नाही!"
भांडं पिशवीत घातलं आहे, करंगळीसकट, वर चिठ्ठी. शेजारी वड्या पाडायची सुरीही घेतली आहे.