'लौहगिरी'चे शेवटचे सात भाग

सावेडी, नगर
मंगळवार

प्रिय आदिनाथ,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू हसतोस. तू हसलास की मीही हसते आणि मुद्दा राहून जातो. गेल्या तीन आठवड्यांत हे दोनदा झालं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून कागद. रविवारी तुमच्याकडची माणसं जामखेडहून सुपारी फोडायला आमच्या घरी कोल्हारला येणार आहेत. त्याआधी दोन गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात. एक 'लौहगिरी'ची आणि दुसरी माझ्या नोकरीची. तू माझ्या नोकरीबद्दल तुझ्या आईंना जे सांगितलं आहेस ते खरं नाही, आणि रविवारच्या आत ते दुरुस्त व्हायला हवं. पण आधी 'लौहगिरी', कारण सुरुवात तिथून झाली.

२००७ साली आपण सहावीत होतो. तुमच्या टीव्हीसमोर तुझे आजोबा बातम्या लावून बसायचे, म्हणून दर रविवारी साडेनऊला 'लौहगिरी'ची कार्टून मालिका बघायला तू आमच्याकडे यायचास. आई पोह्यांची ताटली द्यायची आणि तू शेंगदाणे आधी वेचून खायचास. पहिल्या दोन रविवारी गल्लीतली सात-आठ पोरं होती. मग कानिफनाथ उठला आणि म्हणाला, "ह्यात मारामारीच न्हाई राव, नुसते नट आवळत्यात," आणि सगळ्यांना घेऊन नदीकडे क्रिकेट खेळायला गेला. राहिलो आपण दोघं. कानिफनाथचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होतं. लौहगिरी म्हणजे चौतीस मीटर उंच रोबोट, आणि लढाई दर भागात सरासरी दोन मिनिटं पन्नास सेकंद. हे मी आता घड्याळ लावून मोजलं आहे. उरलेला वेळ दुरुस्ती. लौहगिरी पडला की त्याला उठता यायचं नाही, क्रेन लावून उभा करायला अकरा तास लागायचे. त्याचा डावा खांदा चौथ्या भागात चेपला तो चेपलेलाच राहिला, कारण तेवढ्या जाडीचा पत्रा त्या गावात मिळत नव्हता. आणि दर भागात ती मेकॅनिक सायो, वय सोळा, प्रत्येक सांध्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारायची. दोन्ही बाजूंच्या रेघा जुळल्या तरच रोबोट चालवणाऱ्या तोमाला आत बसायची परवानगी. तुला तोमा आवडायचा. मला ती रेघ आवडायची. तिचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता, एवढंच कळत होतं की हे कोणीतरी खोटं न करता दाखवतंय.

ही मालिका आज कोणाला आठवत नाही. इंटरनेटवर तिच्याबद्दल एका पानावर चार ओळी आहेत आणि त्यांत तीन चुका आहेत. रोबोटची उंची चुकली आहे. निकामी होतो तो उजवा खुबा, तिथे डावा गुडघा लिहिला आहे. तिसरी चूक म्हणजे सायोचं वर्णन 'नायकाची मैत्रीण' असं केलं आहे. सव्वीस भाग ती रोबोट उभा ठेवते आणि तिच्या वाट्याला दोन शब्द. रोबोटच्या हातात तलवार नव्हती, म्हणून खेळणी खपली नाहीत, म्हणून मालिका वाईट, असा तिथला एकूण हिशेब. मी दुरुस्ती पाठवली. अजून कोणी घेतलेली नाही. मी पुन्हा पाठवणार आहे.

आता तुझ्याकडे येते. जूनमध्ये मालिका एकोणिसाव्या भागावर आली आणि एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. तुझ्या काकांनी तुला शाळेसाठी नगरला नेलं, आणि कोल्हारचं लोडशेडिंगचं वेळापत्रक बदलून रविवारी सकाळी नऊ ते बारा वीज जायला लागली. शेवटचे सात भाग माझे गेले. नगरला वीज असायची. तू दर रविवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या नाण्याच्या फोनवरून आमच्या घरी फोन करायचास आणि त्या दिवशीचा भाग सांगायचास. मध्येच टूं वाजायचं, तू पुढचं नाणं टाकायचास, आणि मी श्वास रोखून बसायचे. फोन ठेवला की लगेच सगळं वहीत लिहून काढायचे. वही माझ्याकडे अजून आहे, त्यामुळे मी आठवणीवर बोलत नाही. एकविसाव्या भागात सायोचा हात खुब्याच्या झाकणाखाली चिरडला, असं तू सांगितलंस. तेविसाव्या भागात तिने नट आवळायचे पाने दुसऱ्याच्या स्वाधीन केले. सव्विसाव्या भागात तोमाने एकट्याने लौहगिरीसकट शत्रूला समुद्रात बुडवलं, पोहत परत आला, सायो किनाऱ्यावर वाट बघत उभी होती, आणि मग दोघांनी दुकान टाकलं. कसलं दुकान, असं मी विचारलं होतं. तू म्हणालास, सायकलचं.

तीन आठवड्यांपूर्वी मला ही मालिका सापडली. ब्राझीलमधल्या कोणीतरी जुन्या टेपवरून सगळे भाग चढवलेत, खाली इंग्रजी अक्षरं. शनिवारी दुपारी जेवून बसले आणि शेवटचे सात भाग सलग पाहिले. सायोचा हात शाबूत आहे. बाविसाव्या भागात तोमाचे डोळे जातात. तेविसाव्यापासून लौहगिरी सायो चालवते, आणि तोमा खाली बसून, आकडे दुसऱ्याकडून वाचून घेऊन, तिला वायरलेसवर सांगतो. ती रोबोट दोनदा पाडते. तिसऱ्यांदा तिला तो उभा कसा राहतो ते कळतं. शेवटच्या भागात शत्रू हरत नाही. धरणाचा दरवाजा तडकतो, सायो लौहगिरीला त्याच्याखाली टेकू म्हणून उभा करते, गाव रिकामं होईपर्यंत धरते, मग सगळे सांधे बंद करून दोराच्या शिडीने खाली उतरते. रोबोट तसाच उभा राहतो. दुसऱ्या दिवशी ती हत्यारं घेऊन परत जाते. संपलं. दुकान कुठेही नाही.

आदिनाथ, अठरा वर्षं मी त्या पोरीला नावं ठेवली. एका हाताला लागलं तर काम सोडून किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली, असं मी तिच्याबद्दल समजत होते. डिप्लोमाला मेकॅनिकल घेतलं तेव्हा वर्गात साठ पोरांत आम्ही तीन मुली होतो, आणि त्यातली एक दुसऱ्या वर्षी सोडून गेली तेव्हा मी मनात म्हणाले होते, ही सायो निघाली. तिच्या घरी काय झालं होतं ते विचारलंसुद्धा नाही. दोघींवर अन्याय केला, आणि तोही ऐकीव माहितीवर.

मी तुला त्या शनिवारी संध्याकाळीच फोन केला, तर तू पोट धरून हसलास. "अगं वेडे, काकांकडं केबलच नव्हती! मी तरी कुठं बघितलं?" मग सायोचा हात का मोडलास, असं मी विचारलं. तू म्हणालास, "कायतरी व्हायला नको का? आन् तू फोनवर रडायचीस ना, मग मला लई भारी वाटायचं." मी पण हसले. अकरा वर्षांचा पोरगा, नव्या गावात, नव्या शाळेत, दर रविवारी फोनपाशी उभा राहून माझ्यासाठी गोष्ट रचतो आहे, याबद्दल मला राग नाही. उलट तो भाग मी पुन्हा पुन्हा आठवते. नाण्याच्या फोनची ती टूं मला अजून ऐकू येते. तेवढं तुझ्या नावावर जमा धर.

पण त्यानंतर अकराच दिवसांनी, बुधवारी, मी सुट्टी घेऊन घरी गेले होते, तेव्हा तुझ्या आई ब्लाउजचं माप घ्यायला आल्या. चहा पिता पिता माझ्या आईला म्हणाल्या, "आदि म्हनला, पोरगी दिवाळीपतुर नोकरी सोडती. म्या म्हनलं बरं झालं बाई, त्या लोखंडात रोज कशाला मरायचं? तिकडं जामखेडला आपल्या ठिबकच्या दुकानात गल्ल्यावर बसंल, सावलीत." आईने माझ्याकडे पाहिलं. अण्णा बाहेरच्या खोलीत होते, त्यांच्या खुर्चीचा आवाज थांबला. मी "दूध उतू जातंय" म्हणून आत गेले. गॅसवर दूध नव्हतं. मी खोटं बोलले, आदिनाथ, आणि ते तुझ्यासाठी बोलले. त्यांच्यादेखत 'तुमचा मुलगा खोटं सांगतोय' असं म्हटलं असतं तर त्या माऊलीला माझ्या आईसमोर मान खाली घालावी लागली असती. त्यांची चूक नव्हती. त्यांना जे सांगितलं गेलं तेच त्यांनी सांगितलं.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "एवढं ठरवलंस आणि आम्हाला सांगावंसं न्हाई वाटलं?" अण्णांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. हे अण्णा, जे सोसायटीत, दूध डेअरीवर, कोणाच्याही लग्नात, ओळख नसलेल्या माणसालाही "आमची रेश्मा रोबोट चालवती" म्हणून सांगतात. मी चालवत नाही, दुरुस्त करते, हे मी त्यांना वीस वेळा सांगून झालं आहे. त्या दिवशी ते फक्त उठून मोटार चालू करायला गेले. वीज नव्हती.

माळीवाड्याच्या स्टँडवर चहा पिताना आपण काय ठरवलं होतं ते पुन्हा लिहिते. मी नगरला नोकरी करणार. तू वर्षभर जामखेडचं दुकान बघणार, शनिवार-रविवार एकमेकांकडे. वर्षाच्या आत दुकानाची शाखा नगरला काढायची. हे तूच सुचवलं होतंस, मी नाही. बुधवारी फोनवर विचारलं तर तू पुन्हा हसलास. "अगं, आईला बरं वाटावं म्हणून म्हनलो. नंतर बघू की." नंतर म्हणजे कधी? माझ्या गळ्यात मंगळसूत्र आणि हातात गल्ल्याची किल्ली आल्यावर? सायोचा हात मोडताना तू अकरा वर्षांचा होतास आणि ती चित्रातली होती. आता तू एकोणतीस वर्षांचा आहेस, आणि मी तुला कधीही विचारता येईल अशी, फोनवर एका बटणावर आहे. तरी विचारलं नाहीस. मला विचारायचंच नाही आणि माझं पुढचं लोकांना सांगून मोकळं व्हायचं, ही सवय तुला कधी लागली ते मला वहीत तारखेसकट सापडलं, एवढाच या दोन गोष्टींचा संबंध.

तू माझ्या कामाबद्दल शेवटचं कधी विचारलंस ते आठवून बघ. मी सांगते, मार्चमध्ये, आणि तेही पगाराबद्दल. आमच्याकडे वेल्डिंगच्या लाइनवर आठ रोबोट आहेत. नुसते हात, माझ्यापेक्षा जेमतेम उंच. त्यांच्या आत एक छोटी बॅटरी असते. वीज गेली तरी आपला हात नक्की कुठे आहे हे त्याला तिच्यामुळे आठवतं. गेल्या महिन्यात एका नव्या इलेक्ट्रिशियनने मेन स्विच बंद करून मग बॅटरी बदलली. ती चालू असताना बदलायची असते. रोबोट सगळं विसरला. प्रत्येक सांध्यावर कारखान्यातून आलेली बारीक रेघ असते, ती दुसऱ्या रेघेला जुळवून त्याला शून्य म्हणजे कुठे ते पुन्हा शिकवावं लागतं. सहा सांधे, चार तास. मी जुळवत असताना साहेब मागे उभे राहून म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही कुठं शिकलात?" मी 'कंपनीच्या ट्रेनिंगला' म्हणाले. अर्धंच खरं होतं. त्यांना कोल्हारचा रविवार काय सांगणार.

नोव्हेंबरपासून बारा रोबोटांची नवी लाइन येते आहे. तिची प्रमुख म्हणून त्यांनी मला विचारलं, दोन वर्षं सोडायचं नाही या अटीवर. काल, सोमवारी, मी सही केली. घरी अजून कोणाला माहीत नाही, तू पहिला. हे पत्र लग्न मोडायला लिहिलेलं नाही, मोडायचं असतं तर अण्णांनी निरोप धाडला असता. तू लग्नाचं विचारलंस तेव्हा मी फक्त 'चालेल' म्हणाले होते. ते कमी होतं. मला तुझ्याशी लग्न करायचं आहे, आणि खोटं पाठीशी घालून करायचं नाही, म्हणून लिहिलं. रविवारी सगळ्यांसमोर ही गोष्ट मला सांगावी लागली तर मी सांगेन, पण मग सुपारी फुटणार नाही आणि तुझ्या आईंना चारचौघांत ऐकावं लागेल. ते मला नको आहे. म्हणून शनिवारच्या आत तू स्वतः त्यांच्यासमोर बस आणि सांग, की मी तिला न विचारता बोललो, ती नोकरी सोडणार नाही. मग मला फोन कर. त्या रागावल्या, रडल्या, मला काही बोलल्या, तर ते जसंच्या तसं सांग. मला बरं वाटावं म्हणून त्यात काही बदलू नकोस.

अजून तरी तुझीच,
रेश्मा