लाल कुलपाची चावी काठीला गेली

२४ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
पुढच्या पिढीला उपयोग व्हावा म्हणून आजपासून रोजनिशी. मी राजेंद्र पाटील, वय ४६, बन्सीलालशेठच्या मिरची कारखान्यात सुपरवायझर, अनुभव एकोणीस वर्षं. आपली मिरचीपूड आता परदेशी जाणार. त्यासाठी १२ मार्चला एक मॅडम तपासणीला येणार आहेत आणि माझी परीक्षाही तेव्हाच घेणार. त्याआधी मला मोबाईलवर ‘सुरक्षा प्रशिक्षण’ पूर्ण करायचं आहे. चौदा धडे. नापास झालो तर केबिनमधली खुर्ची जाईल आणि उन्हात वाळवणाच्या पथारीवर मिरची उलथायला उभं राहावं लागेल, असं शेठ हसत म्हणाले. शेठ हसतात तेव्हाच खरं बोलतात.
चौदा धडे म्हणजे दोन दिवसांचं काम. रोज सात.

२५ फेब्रुवारी, दुपारी २.४०
धडा पहिला: सुरक्षा म्हणजे काय. हे मला शिकवणार? तरी ऐकला. एकाग्रतेसाठी डोळे मिटले. त्या ॲपला एक खोड आहे. दर पाच मिनिटांनी ‘आपण पाहत आहात का?’ असं विचारतं. बटण दाबलं नाही तर धडा पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पहिल्या धड्याची सुरुवात माझी चार वेळा झाली आहे. पाया पक्का.

२७ फेब्रुवारी
तोडगा निघाला. दळायच्या मशीनवर आमशा असतो. डोंगरातल्या काठी गावचा पोरगेला गडी, दहावी झालेला, बोटं चपळ. रोज जेवणाच्या सुट्टीत माझा मोबाईल त्याच्याकडे. बटण तो दाबेल, मी खुर्चीवर बसून चिंतन करेन. सुपरवायझर म्हणजे काम करून घेणारा.
मिरचीची देठं खुडणाऱ्या बायाही आमशाभोवती बसून धडे बघतात. सोनीबाई तर प्रश्न विचारते. माझा डेटा फुकट जातो आहे, पण बोललो नाही. मोठं मन.
घरी बायकोला, कामिनीला, सांगितलं. परीक्षा तुमनी शे का आमशानी, असं तिनं विचारलं. बायकांना मॅनेजमेंट समजत नाही.

२ मार्च
प्रशिक्षणाचा बॉक्स आला. हेल्मेट, चष्मे आणि सहा लाल कुलपं, प्रत्येकाला एकच चावी आणि नाव लिहायला एक पुठ्ठ्याचं लेबल. कुलूप दणकट आहे. एक स्कूटरला लावलं. एक माझ्या ड्रॉवरला, एक साहेब लोकांच्या संडासाला, दोन घरी नेली. कामिनीनं एक धान्याच्या कोठीला लावलं. सहावं आमशानं मागितलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, सातव्या धड्यात आहे. देऊन टाकलं.

५ मार्च
माझे नऊ धडे पूर्ण. आमशानंच सांगितलं.
आणखी एक सांगितलं. दळायच्या मशीनच्या तोंडावरची जाळी तुटली आहे, अशी जाळी असेल तर मशीन चालवू नये असं धड्यात आहे. तुटली आहे हे मला दिवाळीपासून माहीत आहे. वेल्डरला निरोप द्यायचा आहे. उद्या नक्की.

६ मार्च
वेल्डर: उद्या.

८ मार्च, दुपारी १२
डोकं फिरलं आहे. सकाळी मशीनमध्ये मिरची अडकली. एकोणीस वर्षं काढतो तशी हातानं काढत होतो. मशीन चालू ठेवूनच काढायची असते, नाहीतर मोटर पुन्हा उचलत नाही. एवढ्यात आमशानं धावत येऊन बंदचं बटण दाबलं. शर्टाची बाही कोपरापर्यंत फाटली. निळा शर्ट, दोनदाच घातलेला. दोन मिनिटांचं काम बाकी होतं.
सगळ्यांसमोर आमशाला झापलं. त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला. तांब्या एका दमात संपवला. मिरचीच्या तिखट धुरळ्यानं घसा कोरडा पडतो.

९ मार्च
आमशाचा होळीचा नवस आहे. कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधून नाचायचं, काठीच्या राजवाडी होळीत. उद्यापासून तो पायात काही घालणार नाही, खाटेवर-खुर्चीवर बसणार नाही. मी लगेच पकडलं. मशीनरूममध्ये सेफ्टी बूट सक्तीचे आहेत, हे मला प्रशिक्षणामुळे माहीत आहे. तो म्हणाला, म्हणूनच तर येत नाही दादा, १७ पर्यंत रजा द्या. दिली. जाताना मोबाईल परत केला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘अभिनंदन, १४ पैकी १४’. माझं नाव. कामिनीला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला, वर की खाली ते नीट दिसत नाही.

१० मार्च, सकाळी ८.३०
दळायच्या मशीनच्या मेन स्विचला लाल कुलूप! वर आमशाचं लेबल. बारीक अक्षर, चष्मा घरी. चावी त्याच्याकडे, तो डोंगरात, फोन लागत नाही. मॅडम परवा येणार आणि त्यांच्यासमोर मिरची दळून दाखवायची आहे.
घाबरायचं कारण नाही. परवापर्यंत काहीतरी होईल.

१२ मार्च, रात्रीचं जेवण नको म्हणून सांगितलं आहे
काही झालं नाही, म्हणून सकाळी कुलूप कापायला हॅक्सॉ घेऊन गेलो. सोनीबाई स्विचसमोर उभी. हात नको लावू भाऊ, जेन्हं कुलूप शे तोच काढी, सातवा धडामा शे, असं म्हणाली. तिच्यामागे देठं खुडणाऱ्या अकरा जणी. मी त्यांना समजावलं की सुपरवायझरला सगळे अधिकार असतात. हे कोणत्या धड्यात आहे, असं सोनीबाईनं विचारलं.
तेवढ्यात मॅडम आल्या. तासभर आधी. पाहुण्यानं दिलेली वेळ पाळायची असते.
माझ्या हातात हॅक्सॉ. मी म्हटलं, डेमो चालू आहे. कुलूप कसं तोडू नये याचा.
मॅडमनी लेबल मोठ्यानं वाचलं. नाव: आमशा वसावे. तारीख: ९ मार्च. कारण: जाळी तुटलेली आहे. राजूदादा हात घालतात.
शेठ माझ्याकडे बघत होते. हसले नाहीत. त्यांना माझी ८ तारखेची फाटकी बाही आठवली असावी, कारण नंतर त्यांनी माझा हात धरून उलटसुलट करून पाहिला आणि सोडून दिला.
मॅडम म्हणाल्या, अख्ख्या कारखान्यात एवढं एकच कुलूप बरोबर लावलं आहे. बाकीची पाच कुठे आहेत? संडासाचं दाखवलं. मशीन न बघता कशी तपासणी होणार, १८ तारखेला पुन्हा येते, असं सांगून गेल्या. परीक्षाही तेव्हाच. म्हणजे मला सहा दिवस जास्त मिळाले. बाजी आपल्याकडे.
वेल्डर संध्याकाळी येऊन जाळी बसवून गेला. वीस मिनिटं लागली.

१४ मार्च, दुपारी ४, परतीच्या वाटेवर मोलगी
शेठनी चावी आणायला काठीला पिटाळलं. सकाळी पोचलो. होळी पेटून गेली होती तरी माणसं हटेनात. आमशा सापडायला दोन तास लागले. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कमरेला भोपळे. आणि दोन घुंगरांच्या मधे चावी. नाचताना तीही वाजत होती.
त्याला बाजूला घेतलं. चावी दे म्हटलं. जाळी बसली का, असं त्यानं विचारलं. बसली, देवाशपथ. फोटो दाखवा. फोटो मी काढला नव्हता. मग १८ ला मीच येऊन उघडतो, कुलूप माझं आहे दादा, असं म्हणाला आणि मला ओंजळभर फुटाणे दिले. चिडायचं होतं, पण एवढ्या नटलेल्या माणसावर चिडता येत नाही.
फुटाणे चांगले आहेत.

१६ मार्च
अभ्यास नियोजन. उद्या चौदाही धडे स्वतः बघणार.

१७ मार्च
पहिला धडा. सुरुवात छान आहे.

१८ मार्च, संध्याकाळी ६
आमशा सकाळीच आला. नवस दोन दिवस लांबला आहे, म्हणून अनवाणी. मशीनरूमच्या उंबऱ्याबाहेर थांबला, जाळीचा फोटो मागवला, आणि बूट घातल्याशिवाय आत येणार नाही म्हणाला. शेवटी सोनीबाईनं मला आठवण करून दिली की स्विच बाहेरच्या भिंतीवरच आहे. त्यानं कुलूप काढलं, मशीन चाललं, मॅडम खूश, शेठचा परदेशाचा रस्ता मोकळा.
मग माझी परीक्षा, शेठच्या लॅपटॉपवर, मॅडमसमोर. वीस प्रश्न. मला सहा मिळाले. सातवा प्रश्न: लावलेलं कुलूप कोण काढू शकतो? मी ‘सुपरवायझर’ निवडलं. अजूनही वाटतं, प्रश्न चुकीचा आहे.
धडे कोणी पाहिले, असं मॅडमनी विचारलं. सोनीबाईनं सांगून टाकलं. म्हणून आमशाचीही परीक्षा झाली. खुर्चीवर बसायचं नाही म्हणून लॅपटॉप फरशीवर ठेवला, मॅडमही खाली बसल्या, शेठही. उभा मी एकटाच.
आमशाला एकोणीस. एकच उत्तर चुकलं. धोका दिसला तर आधी कोणाला सांगाल? बरोबर उत्तर होतं सुपरवायझर. त्यानं ‘सुपरवायझर’ सोडून बाकी सगळं निवडलं होतं.
बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, असं का रे केलंस. तो खाली बघत म्हणाला, जाळीचं तुम्हालाच आधी सांगितलं होतं दादा.
केबिनची खुर्ची त्याची. दोन दिवस तो बसणार नाही, म्हणून तोवर मी बसू का असं शेठना विचारलं. शेठ हसले.
आत्ता उजव्या हाताची बोटं मोजली. पाच आहेत. उद्या सकाळी आठला पथारीवर. कामिनीनं टोपी काढून ठेवली आहे.